दादासाहेबांचा पितळी सराटा

किस्से गोळा करायला आमच्या घरच्यांना कुठं जावं लागत नाही. रांजणाखाली ओल साचावी तसे ते आमच्या ओसरीवर साचतात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, वाशीमच्या विद्यार्थी बोर्डिंगच्या कमिटीचे चिटणीस. कमिटी भरते आमच्याच ओसरीवर. ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये एक दार आहे. त्याला कडी आहे, पण त्याची फट काही कोणी बुजवलेली नाही. त्या फटीच्या अलीकडे मी ज्वारी निवडत बसते.

लग्न होऊन आले तेव्हापासून माझा आवाज ओसरीवर कोणी ऐकला नव्हता. त्यामुळे मला कान आहेत हेही लोक विसरून गेले होते.

या काळात जे साचलं ते बहुतेक एकाच माणसाचं. दादासाहेब! बोर्डिंगचे संस्थापक, कमिटीचे अध्यक्ष, ऑनररी मॅजिस्ट्रेट आणि स्त्रीउद्धारावर बोलायचं तर रिसोडपासून कारंज्यापर्यंत त्यांच्याशिवाय पान हलत नसे. साध्या माणसावर बाईनं आरोप केला तर तो घाबरतो, चिडतो, नाहीतर चार दिवस मामाच्या गावी जाऊन राहतो. मोठा माणूस काय काय करतो ते मी फटीतून पाहिलं. हसू आलं, नाही म्हणत नाही. पण जास्त करून मी थक्क झाले.

* * *

दादासाहेबांना मी सासरी येण्याआधीपासून ओळखत होते. म्हणजे त्यांच्या नावाला.

माझे वडील कारंज्याचे. आमचं भांड्यांचं दुकान. बोर्डिंगची सगळी भांडी आमच्याकडून गेली, आणि प्रत्येकावर नाव घालायचं अशी दादासाहेबांची सक्त ताकीद होती. देणाऱ्याचं नाव भांड्यावर घालायची रीतच आहे, त्यात नवल नाही. पण लोक हंड्यावर घालतात, परातीवर घालतात. दादासाहेबांनी पळ्या, झारे, चिमटेसुद्धा सोडले नाहीत.

भाकरी उलटायचा सराटा लोखंडाचा असतो. लोखंडावर नाव नीट उठत नाही, असं वडिलांनी कळवलं. उत्तर आलं, मग सराटा पितळेचा करा. पितळ मुठीपर्यंत तापेल, स्वयंपाकिणीचा हात पोळेल, असं वडिलांनी पुन्हा कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही. नुसतं नाव आलं, मोठ्या अक्षरात लिहिलेलं.

वडिलांनी सराट्याच्या पातळ पितळी पात्यावर टिंबाटिंबांनी 'दादासाहेब' एवढंच ठोकलं. जास्त मावेना. मी तेव्हा घरची लेक, कणीक मळत होते. भांड्यावर समोरून ठोकलेली अक्षरं मागच्या बाजूला उलटी वर येतात. ती मागची बाजू मऊ कणकेवर दाबली की कणकेवर सरळ नाव उमटतं. लहानपणापासूनचा माझा हा खेळ. त्या दिवशी मी परातभर दादासाहेब उमटवले आणि आईचा धपाटा खाल्ला.

बोर्डिंगची स्वयंपाकीण गोदामावशी. सराटा हातात पडल्यावर ती म्हणे एवढंच बोलली, "नाव लिहिलं म्हणून चटका कमी लागते काय?"

* * *

प्रत्यक्ष दर्शन झालं ते माझ्या लग्नात. अक्षता पडल्या आणि दादासाहेब बोलायला उभे राहिले. विषय अर्थातच स्त्रीस्वातंत्र्य. आम्ही दोघं हारांसकट तासभर उभे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मधे तीनदा पुढे झाल्या आणि तिन्ही वेळा चारचौघांनी त्यांना हातानं मागे बसवलं.

"स्त्रीला बोलू द्या!" दादासाहेब गरजत होते. "तिच्या मनात काय आहे ते ऐका!"

आत्याबाईंच्या मनात एवढंच होतं, की पंगतीचं वरण बुडाला लागून राह्यलं आहे. ते आम्ही सगळ्यांनी जेवताना ओळखलं.

* * *

शिमगा होऊन आठ दिवस झाले असतील. सकाळची वेळ, ओसरीवर कमिटी बसलेली. दादासाहेब तेवढे आलेले नव्हते. गोदामावशी भर चौकातून चालत आली. हातात सराटा. चाळिशीच्या आतली, विधवा, अंगानं किडकिडीत. चाळीस मुलांच्या भाकऱ्या एकटी थापायची, त्यामुळे मनगटं मात्र पैलवानाची.

ती पायरीशी थांबली. रडली नाही, ओरडली नाही. हिशोबी आवाजात म्हणाली, "दादासाहेबानं कोठीघरात माहा हात धरला. पयल्या खेपी मी हात जोडून सोडवला. आज सराट्यानं सोडवला. तव्यावरचा होता. मी आता तिथं जात नाई. काय करायचं ते तुमी मोठी माणसं ठरवा."

मामंजींचा सुपारी कातरणारा हात थांबला. एक सभासद खाकरले. दुसऱ्यांनी टोपी काढून पाहिली आणि पुन्हा घातली. शेवटी टोपीवालेच म्हणाले, "ते पाहू आपण. पण गोदाबाई, आजच्या भाकरीचं काय?"

* * *

दिवेलागणीला दादासाहेब स्वतः आले. गळ्यातला मफलर उजव्या हाताला गुंडाळलेला, कोपरापासून मनगटापर्यंत. मी फटीला डोळा लावला. आता हा माणूस काय बोलणार?

त्यांनी आधी पाणी मागितलं. कापसाच्या भावाची चौकशी केली. मेडशीकडे यंदा आंब्याला मोहोर चांगला आहे म्हणाले. मग उठता उठता डोळे मिटून, अगदी देवळात बोलतात तसं म्हणाले, "चिटणीस, मी क्षमा केली."

मामंजींनी विचारलं, "कोणाला?"

"सर्वांना."

मी ज्वारीचं सूप खाली ठेवलं. अजून कोणी आरोप तोंडावर केलेलाही नव्हता, आणि या माणसानं आम्हाला सगळ्यांना माफ करूनही टाकलं होतं.

* * *

मफलर उन्हाळाभर सुटला नाही. चैत्र गेला, वैशाख आला, रस्त्यावर कुत्री जिभा काढून पडू लागली, आणि दादासाहेब उजव्या हाताला लोकर गुंडाळून फिरताहेत. लोक विचारणारच. दादासाहेब कोणाला निराश करत नसत.

दवाखान्यात त्यांनी सांगितलं, मोटारीच्या गरम नळीला हात लागला. देवळात सांगितलं, आरतीचा कापूर सांडला. कन्याशाळेत तर मुलींना उभं करून सांगितलं, की जळत्या गोठ्यातून वासरू काढताना भाजलं. कोणाचा गोठा, हे मुलींनी विचारलं नाही. घरी जाऊन आयांना मात्र सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दोन-चार म्हाताऱ्या त्या मफलरला हात लावून कपाळाला लावू लागल्या.

कमिटीत एक शेठजी आहेत, कापडाचे व्यापारी, जैन. कमी बोलतात. त्यांनी तिन्ही हकिकती शांतपणे ऐकून घेतल्या आणि मामंजींना म्हणाले, "एक हात अन् तीन जागी भाजला. मोठा कामाचा हात आहे."

पण मफलर सोडा, असं शेठजीही म्हणाले नाहीत. कोणीच म्हणालं नाही. ज्यांच्यासमोर उभं राहिल्यावर लोक स्वतःच्या सदऱ्याची गुंडी लावतात, त्यांना बाही वर करा कसं म्हणणार?

* * *

मग दादासाहेबांनी जे केलं त्याला मी आजही मानते. त्यांनी स्वतःच चौकशीची मागणी केली!

"माझ्यावर शिंतोडा उडाला आहे. निःपक्षपाती चौकशी व्हावी," असं त्यांनी कमिटीला लिहून दिलं. कमिटीचे डोळे भरून आले. चौकशी ठरली. चौकशीला अध्यक्ष हवा. अध्यक्ष तर दादासाहेबच.

ओसरीवर लोड मांडला. दादासाहेब आधी समोरच्या सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "मी येथे आरोपी म्हणून बसलो आहे, याची नोंद घ्या." मामंजींनी घेतली. मग ते उठून लोडाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "आता अध्यक्ष म्हणून बसलो आहे, याचीही घ्या." तीही घेतली.

गोदामावशीला बोलावलं नव्हतं. बाईमाणसाला चौकशीचा त्रास कशाला, हा विचार.

ते इतिवृत्त मी नंतर चोरून वाचलं. मामंजींचं अक्षर एरवी मोत्यासारखं. त्या पानावर डाग पडले होते, कुठं शाई सांडून, कुठं टाक रुतून. त्यात लिहिलं होतं: 'अध्यक्षांनी आरोपीस प्रश्न विचारला. आरोपीने मौन पाळले. त्या मौनाने अध्यक्षांचे पूर्ण समाधान झाले.'

ठराव दोन झाले. गोदाबाईस उर्मटपणाबद्दल काढावे. आणि बोर्डिंगच्या मालकीचा एक पितळी सराटा ती घेऊन गेली आहे, तो वसूल करावा.

त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. पोट बिघडलं म्हणाले. आत्याबाईंनी ताट उचललं आणि भिंतीकडं पाहून म्हणाल्या, "पोट नाई बिघडलं. पोट चांगलं हाय म्हणून दुखून राह्यलं."

* * *

काढली म्हणजे नुसती बोर्डिंगातून नाही. ज्या बाईला बोर्डिंगानं उर्मट ठरवलं, तिला लग्नाच्या स्वयंपाकाला कोण बोलावणार? वैशाखातली तीन लग्नं तिच्या हातची ठरलेली होती, तिन्ही घरांनी निरोप पाठवले. पुढे बारशाला, तेराव्यालाही कोणी विचारीना. बाई दुसऱ्यांचं दळण दळू लागली. आणि बोर्डिंगात अकोल्याहून एक आचारी आला. त्याच्या भाकरीचा एक काठ कच्चा असे आणि दुसरा कोळसा.

एका दुपारी गोदामावशी आमच्या परसदारी आली. मी एकटीच होते. पदराखालून तिनं सराटा काढला.

"तुया बापाच्या दुकानचा हाय ना हा? ठेव तुयाजवळ. उद्या माह्या घरची झडती हाय."

मी सराटा घेतला.

ती पायरीवर क्षणभर टेकली. म्हणाली, "मले काम नका देऊ. मी खोटी असन त वेशीबाहेर काढा. पण बाई, माहं घर पाहतीन, माही पेटी पाहतीन, मले वरून खालून सारं पाह्यलं. त्याचा हात पाह्यला काय कोणी?"

दुसऱ्या दिवशी झडती झाली. सराटा मिळाला नाही. मामंजींनी कमिटीच्या आज्ञेवरून पहिली नोटीस लिहिली: सराटा परत करावा. मी त्याच सराट्यानं भाकरी उलटून त्यांना वाढली. आषाढात दुसरी नोटीस लिहिली. पुन्हा भाकरी. पितळ खरंच मुठीपर्यंत तापतं. मी मुठीला चिंधी बांधली.

आत्याबाई चुलीपाशी रोज बसतात. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण नवा सराटा न दिसायला त्या आंधळ्या नाहीत. एक दिवस त्यांनी तो उचलला, मागचीपुढची बाजू न्याहाळली, बोट फिरवलं.

"चिंधी जाड बांध," एवढंच म्हणाल्या.

* * *

श्रावण लागला आणि दादासाहेबांनी शेवटचा हुकमी पत्ता काढला. राखीपौर्णिमेला बोर्डिंगच्या अंगणात भगिनी-संमेलन! गावातल्या सगळ्या स्त्रियांनी यावं, दादासाहेबांना राखी बांधावी, म्हणजे ते साऱ्या वाशीमचे भाऊ ठरतील आणि दुष्टांची तोंडं बंद होतील. नंतर जेवण. दवंडीत शब्द होते, 'एकही भगिनी मागे राहू नये.'

राहिली नाही. पन्नास येतील म्हणून मांडव घातला होता, शंभरावर बाया आल्या. आचारी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बोटांवर मोजत होता आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. गोदामावशीही आली होती. दवंडीप्रमाणे तीही भगिनीच. रिकाम्या हातानं खांबाशी उभी राहिली. तिच्या आजूबाजूला जागा आपोआप मोकळी झाली.

दादासाहेब खुर्चीवर. मफलर नव्हता, पण बंद गळ्याचा कोट आणि मनगटाशी घट्ट गुंड्या. भाषण झालं. एरवीपेक्षाही सुंदर झालं. शेवटी उजवा हात पुढे करून म्हणाले, "या बंधूचा हात भगिनींनी कोपरापर्यंत भरून टाकावा!" टाळ्या. माझ्या बाजूची बाई डोळे पुसत होती. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

आता आमच्याकडच्या राख्या कशा असतात सांगते. रेशमाचे गोंडे, एकेक चिक्कूएवढा. आठ बाया झाल्या आणि मनगट भरलं. नववीनं कोटाच्या बाहीवरून दोरा बांधायला घेतला, तर मागून एक म्हातारी ओरडली, कपड्यावर राखी नसते. दादासाहेबांनी हसून डावा हात पुढे केला. डाव्या हाताला राखी? आता चार म्हाताऱ्या ओरडल्या. नववी बाई गोंधळून बाजूला झाली.

दहाव्या आत्याबाई होत्या. त्यांच्या मागे ताट धरून मी. बाजूला टेबलाशी मामंजी, संमेलनाचं इतिवृत्त लिहायला बसलेले.

आत्याबाईंनी कोटाच्या गुंडीला हात घातला.

दादासाहेब हळूच म्हणाले, "राहू द्या बाई. जखम आहे."

"वासराची ना?" आत्याबाई म्हणाल्या. "भावाची जखम बहिणीनं नाई पाहाव त कोणी पाहाव?"

पहिली गुंडी निघाली, दुसरी निघाली, आणि त्यांनी बाही कोपरापर्यंत सारली. साल काढावं तशी, सहज.

मनगटाच्या वर चार बोटांवर डाग होता. जुना, गुळगुळीत, पांढरट, सराट्याच्या पात्याएवढा. आणि त्यात टिंबं होती. ओळीनं.

आत्याबाईंनी मान वाकवून पाहिलं. मग मला पुढे ओढलं. "सूनबाई, हे काय व लिहेल हाय? मले नाई वाचता येत."

मी ताट बाजूला धरलं आणि डागावर वाकले. मी वाचलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"दादासाहेब."

"काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"दादासाहेब असं लिहिलं आहे. भांड्यावर असतं तसं."

दादासाहेबांनी बाही खाली ओढली. एवढे दिवस मी त्यांची शुद्ध मराठी ऐकली होती. ती पहिल्यांदा सुटली. "लेकीले वाचता नाई येत धड! बाईच्या जातीले अक्षर शिकवलं का असं होते!"

मामंजी उभे राहिले. मला वाटलं, आता मला माहेरी पोचवतात. त्यांनी दौतीचं झाकण काढलं, टाक बुडवला आणि नव्या पानावर हात ठेवला.

"सूनबाई," ते म्हणाले, "पुन्हा वाच. मोठ्यानं."

मी पुन्हा वाचलं. खांबापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण तिथल्या बाया जवळ सरकल्या आणि गोदामावशीच्या भोवतालची मोकळी जागा भरली.

आत्याबाईंनी आपली राखी ताटात परत ठेवली. मागे रांगेतही गोंडे ताटात पडल्याचा बारीक आवाज होत गेला. मग त्यांनी खांबाकडं तोंड केलं.

"गोदे, शंभर पानं हायेत. तो आचारी रडून राह्यला तिकडं. आमी तुया हातचं जेवू. येते का?"

गोदामावशीनं पदर कंबरेला खोचला. "येतो. पण सराटा लागन मले."

मामंजींचा टाक कागदावर थांबला. दोन्ही नोटिसा त्यांच्या हातच्या होत्या. "सराटा?" ते म्हणाले. "तो तर सापडत नाही."

"दोन-तीन महिने झाले, त्याच्यानंच उलटेल भाकरी खाऊन राह्यले तुमी," आत्याबाई म्हणाल्या. "जाय व सूनबाई, घेऊन ये. चिंधी सोडजो नोको."